मेडुसा झाली होती ती कोण?

प्रश्न : मी जव्हार-मोखाड्याकडच्या वांगणीची. कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रीक पुराणकथांचं एक मराठी पुस्तक मिळालं आणि मी त्यातच अडकले. मग मोबाइलवर मेडुसा, पेनेलोपी, पर्सेफनी यांची चित्रं शोधली, तर चित्रांच्या मध्येमध्ये चक्क फोटो निघाले. खऱ्याखुऱ्या बायका, डोक्यावर साप वगैरे. आमच्याकडे बोहाड्यात बापेमाणसं देवींची आणि राक्षसिणींची सोंगं घेतात, तेच आठवलं. म्हणून पाच प्रश्न विचारते. एक, ज्या बाया कधी झाल्याच नाहीत त्यांचे फोटो कसे काढतात? दोन, ते काढून साधतं काय? तीन, आपल्याकडे असं कुणी केलं आहे का? चार, बोहाड्याशी याचं काही नातं लागतं का? आणि पाच, मला माझ्या मोबाइलवर असं काही करायचं आहे. कुठून सुरुवात करू?
– एक विद्यार्थिनी, वांगणी (जि. पालघर)

उत्तर : पाचही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण तुम्ही विचारले त्याच क्रमानं घेऊ.

१) कधी न झालेल्या बाईचा फोटो

चित्रकाराला मनातून चेहरा काढता येतो. कॅमेऱ्याला ती सवलत नाही. भिंगासमोर कुणीतरी बसावंच लागतं. त्यामुळे पुराणातल्या स्त्रीच्या प्रत्येक फोटोत दोघी असतात : कथेतली आणि समोर बसलेली. या प्रकारातली सगळी गंमत आणि सगळी जबाबदारी इथूनच सुरू होते.

हे काम मन लावून करणाऱ्या पहिल्या पिढीतलं ठळक नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५चा, कलकत्त्याचा. १८६३च्या डिसेंबरात लेकीनं आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती ४८ वर्षांची होती. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट या बेटावर तिचं घर होतं. कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून तिनं त्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीत फोटो धुवायला सुरुवात केली. तेव्हाचं तंत्र किचकट होतं. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. समोरच्या व्यक्तीला काही मिनिटं न हलता बसावं लागे. इतका वेळ कुणी चेहऱ्यावर खोटं हसू धरून ठेवू शकत नाही. म्हणून त्या फोटोंतल्या बायका गंभीर, स्वतःत बुडालेल्या दिसतात, आणि पुराणकथेला तोच चेहरा शोभतो.

१८६८ साली तिनं 'एको' केली. एको म्हणजे हेरा देवीच्या शापानं स्वतःचं बोलणं गमावलेली वनदेवता. दुसऱ्याचे शेवटचे शब्द परत उच्चारणं एवढंच तिच्या हाती उरतं. पुढे नार्सिससच्या प्रेमात ती झुरते आणि नुसता आवाज होऊन राहते. जिचं शरीरच विरून गेलं तिला कॅमेरॉननं चेहरा दिला. त्याच वर्षी तिनं मेरी स्पार्टाली या तरुणीला स्मृतीची देवता नेमोसिनी म्हणून बसवलं. मेरीचे आईवडील ग्रीक वंशाचे होते आणि ती स्वतः चित्रकार होती. सॅफो ही पुराणातली नव्हे, खरी होऊन गेलेली ग्रीक कवयित्री. १८६५च्या 'सॅफो'साठी मात्र कॅमेरॉननं आपल्या घरात काम करणाऱ्या मेरी हिलियरला बसवलं. ही मेरी तिच्या इतक्या फोटोंत येशूची आई मरियम झाली की आसपासचे लोक तिला मेरी मॅडोना म्हणू लागले.

आता बघणाऱ्याला कळावं कसं, की ही अमुक एक आहे? खूण लागते. आपण वीणा पाहून सरस्वती ओळखतो, कमळ पाहून लक्ष्मी. ग्रीक कथांतही तसंच आहे : मेडुसाचे साप, पर्सेफनीचं डाळिंब, पेनेलोपीचा माग, अरिआडनीचा दोरा. एक खूण पुरते. उरलेलं काम प्रकाश, मान वळवण्याची ढब आणि फोटोखाली दिलेलं नाव करतं.

२) काढून साधतं काय?

ग्रीक कथांतल्या बायकांच्या वाट्याला काय आलं ते तुम्ही वाचलंच आहे. कुणाला देव पळवतो, कुणी पळताना झाड होते, कुणी दगड. रोमन कवी ओव्हिडनं सांगितलेली मेडुसा तर आधी सुंदर मुलगी होती. देवीच्या देवळात समुद्रदेवानं तिच्यावर अत्याचार केला आणि शिक्षा मात्र तिलाच झाली : केसांचे साप झाले, बघेल तो दगड होऊ लागला. पुढे पर्सियस तिचं मुंडकं कापतो आणि वीर ठरतो. कथा सांगणाऱ्यानं पर्सियसच्या बाजूनं सांगितली. फोटोत एखादी बाई मेडुसा होऊन सरळ आपल्याकडे बघते, तेव्हा तीच कथा दुसऱ्या बाजूनं सुरू होते. साधतं ते हे.

याचा सर्वांत गाजलेला नमुना १९३५चा आहे. लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात ५ मार्चला एक मेजवानी झाली. उमराव घराण्यांतली मंडळी ग्रीक देवदेवतांचे वेश करून आली होती. मादाम यवोंद या नावानं स्टुडिओ चालवणारी, मतदानाच्या हक्कासाठीच्या स्त्रियांच्या चळवळीतून आलेली एक छायाचित्रकार त्या कल्पनेनं भारून गेली आणि तिनं अशा बायकांची 'देवी' मालिका रंगीत काढली. रंगीत फोटोला तेव्हा कलेच्या जगात फारसा मान नव्हता. ती वापरत असलेल्या व्हिवेक्स पद्धतीत एका फोटोसाठी तीन वेगळ्या निगेटिव्ह घ्याव्या लागत आणि तीन रंगांचे थर एकावर एक अचूक बसवावे लागत. एवढा खटाटोप तिनं केला, कारण तिला देवी काळ्या-करड्या नको होत्या.

तिची मेडुसा जवळून पाहा. मिसेस एडवर्ड मेयर या बाईंच्या केसांत आणि गळ्याभोवती रबरी साप आहेत. साप खोटे आहेत हे कळतं, पण डोळे खोटे नाहीत. ती ना घाबरलेली आहे ना किंचाळते आहे. ती आपल्याकडे अशी बघते की नजर आपणच खाली घ्यावी. लेडी मिलबँक ही लढवय्या अमेझॉन स्त्रियांची राणी पेंथेसिलिया झाली, गळ्यात बाण रुतलेली. लेडी कॅम्पबेल झाली निओबी. आपल्याला चौदा मुलं आहेत असा गर्व केला म्हणून देवांनी निओबीची सगळी मुलं बाणांनी मारली आणि ती रडता रडता दगड झाली. यवोंदनं या फोटोत ना मुलं दाखवली, ना बाण, ना देव. चौकटभर फक्त चेहरा आणि ग्लिसरिनचे अश्रू. आईचा आकांत दाखवायला तिला आणखी काही लागलं नाही.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. या फोटोंच्या नावांत दोन्ही बायका आहेत : 'मेडुसाच्या रूपात मिसेस एडवर्ड मेयर'. चांगली पद्धत आहे. पण एडवर्ड हे नवऱ्याचं नाव. मेडुसाला स्वतःचं नाव मिळालं, तिचं रूप घेणारीला मिळालं नाही. या मुद्द्याकडे शेवटी परत येऊ.

३) आपल्याकडे कुणी केलं?

ग्रीक नाही, पण आपल्या पुराणातल्या बायकांना माणसाचा चेहरा देण्याचं मोठं काम महाराष्ट्रातच झालं. राजा रविवर्मानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला घरोघरी भिंतीवर लागल्या. मूर्तीत पाहिलेली देवी पहिल्यांदाच एखाद्या ओळखीच्या बाईसारखी, जरीकाठी साडी नेसून समोर उभी राहिली.

धुंडिराज गोविंद फाळके याच छापखान्यात काम करून गेले होते. त्याआधी ते फोटोग्राफरही होते. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. कुलीन घरच्या तर सोडाच, बाकीच्याही तयार झाल्या नाहीत. शेवटी खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या 'लंका दहन'मध्ये तर रामही साळुंके आणि सीताही साळुंके. पण १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. पुराणातल्या बाईचं काम भारतीय पडद्यावर बाईनं केलं ते तिथून. त्या काळात कॅमेऱ्यासमोर उभं राहणं म्हणजे लोकांची बोलणी अंगावर घेणं होतं, आणि या मायलेकींनी ती घेतली.

आजच्या काळात हा धागा पुढे नेला तो बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी. त्या मूळच्या शिल्पकार. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर त्यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांच्या प्रतिमांची मालिका केली. रविवर्माच्या लक्ष्मीसारख्या जुन्या चित्रांचे देखावे जसेच्या तसे उभे केले आणि त्यांत स्वतः उभ्या राहिल्या. पुढे २०१२च्या 'आवेग' मालिकेत त्या रामायणातल्या सीता, कैकेयी आणि शूर्पणखा झाल्या. एकच बाई तिघींच्या रूपात दिसली की आपण विचारात पडतो : पूज्य कुणी ठरवली, दुष्ट कुणी ठरवली, आणि नाक कापलं गेलं तिची बाजू कुणी ऐकली का? ती कथा घडली असं ज्या पंचवटीबद्दल सांगतात ती नाशिकला, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही.

४) बोहाड्याशी नातं

नातं लागतं, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळचं.

अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवात नाटकं होत. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये युरिपिडीसची 'मीडिया' तिथेच पहिल्यांदा झाली. नवऱ्यानं टाकलेली, सूड म्हणून स्वतःची मुलं मारणारी मीडिया. राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देणारी अँटिगनी. नवऱ्याचा खून करणारी क्लायटेमनेस्ट्रा. जगाच्या रंगभूमीवरच्या या थोर बायका उभ्या करणारे नट सगळे पुरुष होते. बोलणारे नट तिघेच, आणि तेच मुखवटे बदलून सगळी पात्रं करत. ते मुखवटे कापडासारख्या टिकाऊ नसलेल्या वस्तूंचे, म्हणून एकही उरला नाही. आज त्यांचे मातीतले, दगडातले नमुने आणि भांड्यांवरची चित्रं पाहूनच अंदाज बांधावा लागतो.

आता तुमच्या भागातला बोहाडा आठवा. उन्हाळ्यातल्या रात्री, संबळ वाजतो आहे, गणपती-सरस्वतीच्या सोंगांनी सुरुवात झाली आहे. सोंगांची यादी गावोगावी थोडी बदलते, पण शेवटी जगदंबा आणि महिषासुर यांची झुंज असतेच. मुखवटा पुरुषाच्या तोंडावर, सोंग देवीचं. आत कोण नाचतंय हे गावाला ठाऊक असतं, तरी जगदंबा आली की हात आपोआप जोडले जातात. ग्रीसमध्ये जे आता संग्रहालयातल्या काचेआडून समजून घ्यावं लागतं, ते तुमच्याकडे उत्सव म्हणून चालू आहे. ग्रीक नाटकातली मीडिया त्या काळच्या प्रेक्षकाला कशी दिसली असेल, हे लंडनच्या स्टुडिओपेक्षा मोखाड्याच्या बोहाड्यात जास्त कळतं.

आणि फोटोचा धागाही थेट जव्हारला येऊन मिळतो. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून जव्हार भागात एक मालिका केली. तिचं इंग्रजी नाव 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स'. सुभाष धर्मा कडू आणि भगवान धर्मा कडू हे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे कारागीर भाऊ, त्यांची कुटुंबं आणि गावातली कोकणा व वारली समाजाची मंडळी यांच्याबरोबर हे काम झालं. गिल यांनी देवांचे मुखवटे मागितले नाहीत. आजच्या जगण्यातले मुखवटे करा, असं सांगितलं. मग माणसांचे, जनावरांचे, पाखरांचे, घरातल्या वस्तूंचेही मुखवटे झाले. ते घालून बाया, बापे, म्हातारी माणसं आपापल्या रोजच्या जागी बसली : घरात, अंगणात, कामावर. अंगावर नेहमीचीच साडी, पायांत नेहमीच्याच चपला, खांद्यावर मात्र पाखराचं डोकं. बघताना हसू येत नाही. उलट, इतकी वर्षं या माणसांचे फोटो गरिबी दाखवायला किंवा कुतूहल म्हणून काढले गेले, आणि इथे ती स्वतःचं सोंग स्वतः ठरवून उभी आहेत, हे जाणवतं.

२०१७ साली ही मालिका डॉक्युमेंटा १४ या जगातल्या फार मोठ्या कलाप्रदर्शनात होती. ते प्रदर्शन त्या वर्षी दोन शहरांत भरलं होतं : जर्मनीतलं कासेल आणि ग्रीसची राजधानी अथेन्स. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंस्थेतही ती लागली. त्यामुळे ग्रीक कथांकडे बघताना आपण दूर कुठेतरी आहोत असं मनात आणू नका. जव्हारचं मुखवट्यांचं काम तिकडच्या जाणकारांनी आधीच पाहिलं आहे.

५) तुम्ही सुरुवात कुठून कराल?

आधी कथेतला क्षण निवडा, मग चेहरा. बहुतेक लोक अपहरणाचा, मरणाचा, किंचाळण्याचा क्षण घेतात. तुम्ही असा क्षण घ्या जिथे ती बाई काही करते आहे. पेनेलोपीचंच बघा. नवरा वीस वर्षं परतला नाही, घरात मागणी घालणारे ठाण मांडून बसलेले. सासऱ्यासाठी कफन विणून झालं की निर्णय देते, असं ती सांगते. दिवसा विणते, रात्री उसवते, आणि तीन वर्षं सगळ्यांना झुलवते. इथे चेहऱ्याचीसुद्धा गरज नाही. रात्र, एक दिवा आणि उसवणारे दोन हात एवढ्यावर फोटो उभा राहतो.

दुसरी पर्सेफनी. फुलं वेचणाऱ्या या मुलीला पाताळाचा राजा पळवतो. तिची आई डिमिटर धान्याची देवी. ती शोक करते तोवर पृथ्वीवर काही उगवत नाही. पुढे तडजोड होते आणि मुलगी वर्षातला काही काळ आईकडे, काही काळ पाताळात राहते. ही कथा तुमच्या भागाला सांगावी लागत नाही, कारण वारल्यांची धान्यदेवी कणसरी तुमच्याकडे आहेच. वैशाखात राब भाजून काळी पडलेली जमीन, तिच्या कडेला उभी असलेली आई, आणि आषाढात लावणीच्या चिखलात वाकलेली मुलगी. दोन फोटोंत सगळी कथा येते. पांढरी चादर गुंडाळून ग्रीक वेश करायच्या फंदात पडू नका. तुमच्या आजीचं लुगडंच नेसवा. ज्युलिया कॅमेरॉननं तरी घरातल्याच बाईला बसवलं होतं.

प्रकाशाचं सांगते. दुपारचं ऊन टाळा, डोळ्यांच्या खाली काळे खड्डे पडतात. कुडाच्या घराचं दार फार कामाचं आहे. व्यक्तीला दारापासून दोन हात आत, दाराकडे अर्धं तोंड करून बसवा. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर सावली येईल. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड थोडा कमी करा, म्हणजे मागची खोली अंधारात जाईल. फिल्टर लावू नका. चेहरा गुळगुळीत झाला की बाई जाते आणि नुसतं सोंग उरतं. आणि घाई करू नका. समोरच्या बाईला कथा पूर्ण सांगा, मग काही वेळ गप्प बसू द्या. यंत्राचा वेग वाढला तरी चेहऱ्याला स्थिर व्हायला लागणारा वेळ तेवढाच आहे.

मुखवटा वापरायचा असेल तर बोहाड्याचा पुजलेला मुखवटा फोटोसाठी मागू नका. तो ज्या घराचा मान आहे, त्या घराची आणि गावाची श्रद्धा त्यात आहे. कागदाच्या लगद्याचा नवा करा किंवा कारागिराकडून करवून घ्या, त्याचे पैसे द्या आणि त्याचं नाव लिहा.

आता शेवटी राखून ठेवलेला मुद्दा. या प्रकारात कथेतल्या बाईचं नाव मोठं होतं आणि समोर बसलेली हरवते. कुणाची ओळख घरकाम करणारी म्हणून उरली, कुणाची नवऱ्याच्या नावानं. तुम्ही तसं होऊ देऊ नका. जिचा फोटो काढाल तिला आधी विचारा : तू कोण झालीस तर आवडेल? मेडुसा की डिमिटर, शूर्पणखा की कणसरी? तिचं उत्तर तुमच्या कल्पनेपेक्षा वेगळं आलं तर तिचंच ऐका, कारण फोटोत चेहरा तिचा जाणार आहे. फोटो कुठे लावणार, कुणाला दाखवणार हे स्पष्ट सांगा आणि नको म्हणाली तर थांबा. हो म्हणाली तर फोटोखाली कथेतल्या बाईच्या आधी तिचं स्वतःचं नाव लिहा, मुखवटा करणाऱ्याचं लिहा, मग तुमचं. आणि पहिली छापील प्रत तिच्या घरी नेऊन द्या. दुसरी प्रत या सदराकडे पाठवलीत, तर तिच्या परवानगीनं आणि तिच्या नावानं आम्ही ती आनंदानं छापू.